मान खाली घालून लिहिलेल्या अकरा चिजा

४ जानेवारी

फेब्रुवारीच्या दोन तारखेला ऑपरेशन. डॉक्टरांनी ते इतक्या सहज सांगितलं की जणू दाढच काढायची आहे. वन्संचं स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल, आवाज जाईल. "म्हणजे बसेल का?" यांनी विचारलं. "बसणार नाही, जाईल," डॉक्टर म्हणाले. गळ्याला पुढून एक भोक राहील आणि त्यातून श्वास घ्यायचा. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. पंचेचाळीस वर्षं गाणं शिकवलेली बाई. त्यांनी डॉक्टरांना विचारलं काय, तर "कढत चहा चालेल का?"

संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. "टिपकागद, तुला एक काम आहे." मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मला टिपकागद म्हणतात. मी कचेरीत लघुलेखिका होते. साहेब बोलतील ते सगळं टिपून घ्यायचं आणि आपण हूं की चूं करायचं नाही, म्हणून टिपकागद.

काम असं. त्यांच्याकडे अकरा चिजा आहेत. चीज म्हणजे बंदिश, सुरातालात बांधलेलं छोटं गाणं. या अकरा त्यांना त्यांच्या गुरुजींनी दिल्या. कुठे छापलेल्या नाहीत, दुसऱ्या कोणालाही येत नाहीत. शिष्यांना बाकीचं सगळं दिलं, या मात्र दिल्या नाहीत. "योग्य गळ्याची वाट बघत बसले, आणि त्या नादात माझाच गळा गेला," त्या म्हणाल्या. तर या अकरा चिजा मी स्वरलिपीत उतरवून घ्यायच्या. ऑपरेशनच्या आत.

मी म्हटलं, वन्सं, मला स्वरलिपी येत नाही हो.

"मलाही येत नाही. आम्ही ऐकून शिकलो. पण तुला लिहिता येतं ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं.

५ जानेवारी

हे म्हणाले, एवढा व्याप कशाला, फोनवर रेकॉर्ड करू. वन्सं अशा भडकल्या की खोकल्याची उबळ आली. "मशीन जे ऐकेल तेच ठेवेल. ही घरघर ठेवेल. वरचा सा मला आता लागत नाही, मी तो खाली म्हणून वहीवर बोटाने वर दाखवणार. ते तुझ्या फोनला कळणार आहे? माझ्यामागे माझा हा आवाज कोणी ऐकायचा नाही."

विषय संपला. हे बाहेर जाऊन उगाचच दाराच्या बिजागरीला तेल घालत बसले. म्हणजे सगळं माझ्या हातावर आलं. मी चुकले तर ती चीज कायमची चुकलेली राहणार, कारण बरोबर म्हणून दाखवायला कोणी उरणारच नाही. हे मी दिवसभर मनात घोळवलं आणि जेवण जाईना.

८ जानेवारी

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून गाण्याच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक आणलं. तीन दिवस तेच करतेय. कोमल सुराच्या खाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकातला सूर असेल तर खाली टिंब, वरच्या सप्तकातला असेल तर वर टिंब. एक टिंब इकडचं तिकडे झालं की सूर दोन मजले घसरतो. लघुलिपीत तरी पुढच्या शब्दावरून मागचा ओळखता यायचा, इथे तशी सोय नाही.

सोळा मात्रांच्या तालाला सोळा घरं आखायची. पहिल्या घराखाली फुली. ती सम. गाणारा आणि तबलेवाला फिरून फिरून जिथे भेटतात ती जागा. नवव्या घराखाली शून्य, त्या मात्रेला 'खाली' म्हणतात. पुस्तकातला पहिला धडा मी न बघता लिहू शकते. अक्षर आणि टिंबं अगदी छापल्यासारखी येतात. तेवढाच धीर.

११ जानेवारी

आज पहिली चीज. तोडी रागातली. तोडीत आडव्या रेघाच रेघा, रे खाली, ग खाली, ध खाली. वन्सं एक ओळ म्हणतात, थांबतात, पाणी पितात, पुन्हा म्हणतात. आवाज असा की कोणी पत्रा ओढतंय. मी मान खाली घालून लिहिते. कचेरीत पहिल्याच दिवशी हेडक्लार्कने शिकवलं होतं, बोलणाऱ्याकडे बघायचं नाही, मान वर झाली की शब्द गेला. तीस वर्षं मी तशीच लिहीत आले. साहेबांच्या बुटांवरून मी साहेब ओळखायची.

चार तासांत एक चीज.

१४ जानेवारी

तीन झाल्या. आज त्या म्हणाल्या, "काय लिहिलंस ते म्हणून दाखव." मी वाचून दाखवलं, सा, रे, रे, ग, आडवी रेघ, ग. कोर्टातला जबाब वाचतात तसं. त्या म्हणाल्या, "अगं, वाचू नकोस. गा."

मी म्हटलं, मला गाता येत नाही.

"गाणं कुठे मागतेय? नुसतं म्हण. कसंही."

मी नाही म्हटलं ते म्हटलंच. उठून गॅस बघायला गेले, गॅसवर काही नव्हतं. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही रोजनिशी कोण वाचणार आहे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी भांडी पुसताना काहीतरी गुणगुणत होते. आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला, "कोण ते बेसूर?" त्यांना आठवतही नसेल. माझं तोंड त्या दिवशी जे मिटलं ते एकतीस वर्षं मिटलेलंच आहे. अशा बाईपुढे तिचीच चीज म्हणायची? त्यापेक्षा मी चारचौघांत पाय घसरून पडेन.

१९ जानेवारी

सहा. काही ओळी सोळा घरांत नीट बसत नाहीत. कुठे दोन घरं उरतात, कुठे एखादा शब्द पुढच्या ओळीत लोंबतो. मग मी पक्की प्रत काढताना सूर लांबवायच्या रेघा थोड्या कमीजास्त करते, म्हणजे ओळ सोळात चोख बसते. पान बघायला छान वाटतं. वन्संनी पानांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे असं दिसतं होय."

आज एक वाईट गोष्ट केली. फोन रेकॉर्डिंगला लावून वहीखाली ठेवला होता. न जाणो मी चुकले तर, म्हणून. वन्सं श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा त्यांच्या गळ्यातून जो आवाज आला तो ऐकून मला माझीच लाज वाटली. फोन बंद केला, झालं तेवढंही पुसून टाकलं. पण आता लिहिताना वाटतंय, पुसायला नको होतं का? काहीच कळत नाही.

२४ जानेवारी

नऊ. आवाज रोज खाली चाललाय. सकाळी अर्धा तास मिळतो, मग नुसती हवा. मला स्वप्नात घरं दिसतात, सोळा सोळा, आणि सगळी रिकामी. जागी झाले की आधी वही जागेवर आहे ना ते बघते.

हे म्हणाले, "अंघोळ करताना काय चाललं होतं गं तुझं? ताईची सातवी का आठवी?" मी म्हटलं पाण्याचा आवाज असेल. "पाणी चांगलं सुरात पडत होतं," हे म्हणाले. यांना अशा वेळीही चेष्टा सुचते.

२९ जानेवारी

अकरा झाल्या. लिहिताना विश्वास बसत नाही.

अकरावीने मात्र नाकी नऊ आणले. "नदिया पार कवन गाए." गुरुजींनी ही त्यांना एकदाच दिली होती, शेवटच्या आजारात. वन्संनी ओळ दोनदा म्हटली आणि दोन तऱ्हांनी म्हटली. एकदा "पार" लांबवलं, एकदा "कवन." विचारावं असं मनात आलं होतं. पण त्यांचा चेहरा घामेजला होता, आणि आणखी एकदा म्हणायला लावलं तर इथेच काही व्हायचं अशी धास्ती वाटली. जी तऱ्हा घरांत नीट बसत होती ती मी घेतली.

संपल्यावर त्या उशीला टेकल्या. "आता मी मोकळी झाले," म्हणाल्या. माझा हात हातात घेऊन बसल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

३१ जानेवारी

तबलजी येऊन गेले. वन्संच्या बैठकांना त्यांनी तीस वर्षं साथ केली. वन्सं आत झोपल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत वही तबलजींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, अक्षराची तारीफ केली, आणि मांडीवर ताल धरून तिसरी चीज वाचायला लागले. थोड्या वेळाने हात थांबला. पहिल्यापासून धरला, पुन्हा थांबला.

"वहिनी, ही मी बाईंच्या रियाजात एकदा ऐकली आहे. 'पवन मोरा द्वार खटकाए.' ही नवव्या मात्रेला उठते. 'पवन मोरा' हे समेच्या आधी म्हणायचं आणि 'द्वार'वर समेला यायचं. तुम्ही फुली 'पवन'खाली मारली आहे."

मी म्हटलं, पहिला शब्द पहिल्याच घरात नको का?

"पुस्तकातल्या पहिल्या धड्यात असतो. खरी चीज कुठूनही उठते. कोणी सातव्या मात्रेवरून, कोणी बाराव्या." त्यांनी बाकीची पानं चाळली. अकराच्या अकरा मी पहिल्या घरापासून भरल्या आहेत.

मी म्हटलं, मग सगळं उचलून पुढे सरकवलं तर?

"सरकवता आलं असतं. पण या ओळी इतक्या चोख सोळात कोणी बसवल्या?"

मी बसवल्या, म्हटलं. त्या रेघा. त्यांनी वही हळूच मिटली. सम चुकली तर ती चीज राहत नाही, नुसते शब्द आणि सूर राहतात, हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं. त्यांना ही एकच ऐकून माहीत होती. बाकीच्या दहा कधी ऐकलेल्याच नाहीत. निघताना म्हणाले, "बाई म्हणताना हाताने ताल धरत असतील ना? समेला त्यांचा हात मांडीवर पडतो. तो कुठे पडायचा तेवढं आठवा."

मी एकदाही मान वर केली नाही.

वन्सं उठल्या. त्यांच्यात अजून अर्ध्या तासाचा आवाज आहे. आत्ता जाऊन सांगायला पाहिजे.

१ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

काल दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. आज सकाळी त्यांना दवाखान्यात दाखल केलं. वन्सं परिचारिकेला घोगऱ्या आवाजात सांगत होत्या, "माझं सगळं माझ्या भावजयीच्या वहीत आहे, तुम्ही आता खुशाल कापा." ती हसली. मी पण हसले. त्या शांत होत्या, इतक्या शांत मी त्यांना कधी बघितल्या नव्हत्या. त्यांची शांतता मोडायची नाही असं मी मनाला सांगितलं. पण खरं ते नाही. त्या मला काय म्हणतील याची मला भीती वाटली. बाकी सगळी सारवासारव.

२ फेब्रुवारी

झालं. साडेपाच तास लागले. जिवाला धोका नाही.

६ फेब्रुवारी

गळ्यात नळी. त्या श्वास घेतात तेव्हा तिथून फस्स असा आवाज येतो. परिचारिकेने लिहायला एक पांढरी पाटी आणि पेन दिलं आहे. आज पहिल्यांदा त्यांनी पाटी मागितली. मला वाटलं पाणी मागतील. लिहिलं, "वही आण."

११ फेब्रुवारी

वही त्यांच्या उशाखाली असते. दुपारी काढून पानं उलटतात, वाचता येत नाही तरी. डॉक्टरांना दाखवली. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही दाखवली. मी रोज तिथे बसते आणि रोज न सांगताच घरी येते.

आज घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, तू तिला सांगितलं नाहीस तर ती आनंदात राहील. पण मग ती वही म्हणजे काय?" आणि उठून गेले. मला यांनी ओरडायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी

वन्संना परवा घरी आणलं. आज सांगितलं.

वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. पहिलं घर, फुली, रेघा, मान खाली. त्यांनी पाटीवर लिहिलं, "कुठल्या?" मी म्हटलं, सगळ्या. त्यांनी पुसून लिहिलं, "कधी कळलं?" मी म्हटलं, एकतीस तारखेला.

त्यांनी तेही पुसलं. मग लिहिलं, "तेव्हा मला आवाज होता."

पाटी माझ्याकडे वळवून धरली, मी वाचेपर्यंत. मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

१९ फेब्रुवारी

दोन दिवस माझ्याकडे बघत नाहीत. पेजेची वाटी नेऊन ठेवते, अर्धी परत येते. मी मेले असते तर बरं झालं असतं असं वाटतं, आणि मग वाटतं, हेही सोंगच, मेल्यावर वही दुरुस्त होणार आहे का?

२० फेब्रुवारी

सकाळी त्यांनी उशाशी ठेवलेली घंटा वाजवली. उठून बसल्या होत्या, पाय पलंगाखाली, वही समोर उघडी. पाटीवर एकच अक्षर. "गा."

मी म्हटलं, वन्सं, मला येत नाही, खरंच नाही येत. त्यांनी त्या अक्षराखाली रेघ मारली. मी म्हटलं, मी बेसूर आहे. त्यांनी दुसरी रेघ मारली, इतक्या जोरात की पेनाचं टोक आत गेलं.

मग मी "पवन मोरा" म्हटलं. कसं म्हटलं ते विचारू नये. घशातून निघालं ते शेळीसारखं थरथरत होतं आणि अर्ध्यात फुटलं. पण म्हणताना या वेळी मी मान वर ठेवली होती, कारण वहीत बघण्यासारखं आता काही नव्हतं. त्यांचा हात हवेत होता. बोटं मोजत होती. "द्वार" आलं आणि हात मांडीवर पडला.

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा "द्वार"वर पडला. सूर चुकला की त्या डोळे मिटतात. मी तिथेच फिरत राहते, थोडं वर, थोडं खाली. बरोबर लागला की डोळे उघडतात. दोन तासांत पहिली ओळ झाली. माझा सगळा ब्लाउज भिजला होता.

२४ फेब्रुवारी

पाच झाल्या. चीज मला पाठ आहे हे मला माहीतच नव्हतं. अकरावी सोडली तर प्रत्येकीची ओळ त्यांनी तेव्हा वीस वीस वेळा म्हटली होती, ती कुठे जाणार?

आज एक भयंकर झालं. सहावीत मी एक जागा, सुरांचं एक छोटं वळण, सारखी चुकत होते. वन्सं चिडल्या, आणि विसरल्या. मान वर करून त्यांनी तोंड उघडलं आणि ती जागा म्हणायला गेल्या. ओठ हलले, गळ्यातल्या भोकातून फस्स करून हवा आली. दुसरं काही आलं नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्या इतक्या घाबरलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही नाही. मी त्यांचा हात धरला. मग ती जागा म्हटली, चुकीची. आणि मग आणखी एकदा म्हटली.

४ मार्च

दहा झाल्या. आज अकरावी घेतली. हे दारात खुर्ची टाकून बसले होते, पेपर उलटा धरून.

"नदिया पार कवन गाए" म्हटलं. वन्संचा हात वर गेला, बोटांनी मात्रा मोजल्या, "पार" आलं, हात पडला नाही. "कवन" आलं, पडला नाही. हवेतच राहिला. मी पुन्हा म्हटलं, "पार" लांबवून. मग "कवन" लांबवून. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, एकदा मान हो म्हणाली, एकदा नाही म्हणाली, आणि मग दोन्ही थांबलं. मला वाटलं त्या दमल्या. नीट बघितलं तर त्या शोधत होत्या, आणि सापडत नव्हतं.

त्यांनी पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "तू ठरव."

मी म्हटलं, मी कशी ठरवणार? मी कोण? चुकलं तर ते कायमचं तसंच राहील, वन्सं. कोणालाही कळणार नाही की ते चुकलंय. मी तर मागच्या वेळी घरांत बसतं म्हणून काहीही उचललं होतं. बोलता बोलता रडायला लागले. यांनी पेपर खाली ठेवला. वन्सं पाटी तशीच धरून होत्या. रागाने नाही. त्यांच्या डोळ्यांत मला विनवणी दिसली, आणि विनवणी करण्याची सवय नसलेल्या माणसाची ती विनवणी मला बघवेना.

मी डोळे पुसले. मनात मोजलं. "नदिया पार" हे हलकंच टाकलं आणि "कवन"वर उतरले. आवाज हलला, पण उतरले तिथेच राहिले. समोर वन्संचा हात होता. तो माझ्या मागून, अर्ध्या मात्रेने उशिरा, मांडीवर पडला.

मी पुन्हा "कवन"वर आले. या वेळी तो माझ्याबरोबर पडला.